दुसऱ्यांचे अश्रू पुसणाऱ्यांच्या दुःखाचे काय?

वडिलांचा जलदान विधी आटोपून चौथ्या दिवशी एक विद्यार्थिनी आमच्याकडे आली. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे शेवटचे वर्ष. क्षेत्रकार्यासाठी नेमणूक रुग्णालयात. हजेरी कमी पडली म्हणून परीक्षेला बसू देत नव्हते. आम्ही अर्ज लिहीत असताना ती म्हणाली, "सर, परीक्षेचं होईल. पण मला परत त्याच वॉर्डात पाठवतायत. प्रत्येक खाटेवर बाबाच दिसतात."

अर्ज झाला. प्रश्न मात्र अर्जाने सुटणारा नव्हता.

आपल्या देशात समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण १९३६ साली मुंबईत सुरू झाले. क्षेत्रकार्य हा या शिक्षणाचा कणा. वस्तीत, रुग्णालयात, बालगृहात जायचे, माणसांचे दुःख ऐकायचे, त्याची नोंद पर्यवेक्षकापुढे ठेवायची. इतरांना घरचे दुःख विसरायला अभ्यास तरी असतो. इथे अभ्यासच दुःखाचा. शोकात झोप उडते, लक्ष लागत नाही. पण आपण खचलो तर या कामाला नालायक ठरू, या भीतीने विद्यार्थी बोलत नाही.

आपल्या मुलांचा भार तर दुहेरी. बाप गेला म्हणजे कमावता हातही गेला. शिष्यवृत्ती रखडलेली, धाकटी भावंडे शाळेत, आणि घरातून महाविद्यालयात पोहोचलेले हे पहिलेच मूल. त्याने रडायचे केव्हा?

कायदा याबाबत मुका नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचाराचा हक्क दिला. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंधनकारक सूचना दिल्या: शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा; लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा. विद्यार्थ्यांना सावरायला न्यायालय ज्यांच्याकडे बोट दाखवते त्यांत समाजकार्यकर्ताही आहे. मग तो जिथे घडतो, तिथे त्याला कोण सावरणार?

आमची मागणी साधी आहे. घरात मृत्यू झाल्यास हजेरीत सवलत मिळावी. क्षेत्रकार्याचे ठिकाण बदलून मागता यावे. बुडालेले तास नंतर भरून काढता यावेत. समुपदेशकाजवळ बोललेले गुणांकन करणाऱ्याच्या कानी जाऊ नये. ही सवलत प्राध्यापकाच्या मर्जीवर न राहता लेखी नियमात यावी. मर्जी कोणावर होते आणि कोणावर होत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

त्या विद्यार्थिनीला अखेर परीक्षेला बसू दिले. वॉर्ड मात्र बदलला नाही. पुढच्या मुलीचा तरी बदलावा, यासाठी विद्यार्थी संघटनांनी आपापल्या महाविद्यालयात हा विषय लेखी मांडावा. मसुदा आम्ही करून देऊ.