तारपा ऐकवा

जगभरच्या लोकसंगीताची ओळख करून देणारे रेडिओ कार्यक्रम मी आवडीने ऐकतो. निवेदक सार्डिनिया बेटावरचं लाउनेद्दास ऐकवतो: बोरूच्या तीन नळ्या एकाच वेळी तोंडात, आणि वादक श्वासासाठी एकदाही थांबत नाही. मग ऑस्ट्रेलियाचं डिजरिडू, चीनच्या युन्नानमधली भोपळ्याची हुलुसी. त्र्यंबकेश्वरात बसून हे ऐकताना दरवेळी वाटतं, यांचा चुलतभाऊ ब्रह्मगिरीच्या पाठीमागेच राहतो. त्याचं नाव तारपा.

त्र्यंबकचा नाद म्हटलं की मंदिरातली घंटा, कुशावर्तावरचे मंत्र, पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला येणाऱ्या दिंड्यांचे टाळ-मृदंग आठवतात. ते सगळं पुष्कळ ऐकलं गेलं आहे, ध्वनिमुद्रितही झालं आहे. पण इथूनच एक रस्ता पश्चिमेला मोखाडा-जव्हारकडे उतरतो. वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी यांचे पाडे सुरू होतात. भात तयार होऊ लागलं की या मुलखात रात्री तारपा घुमू लागतो, आणि दिवाळीच्या दिवसांत त्याला खरा भर येतो.

वाद्य बांधायला बाजारातून काही आणावं लागत नाही. वेलावर जून झालेला दुधी भोपळा वाळवून आतून पोकळ करायचा. त्याच्या एका टोकाला फुंकायचं भोक. दुसऱ्या टोकात बांबूच्या दोन नळ्या शेजारी शेजारी बसवायच्या. नळ्यांच्या भोपळ्यातल्या टोकांना पातळ जिभा असतात. हवा भरली की त्या थरथरतात आणि आवाज निघतो. सांधे मधमाशीच्या मेणाने बुजवतात. खालच्या बाजूला ताडाच्या पानाच्या पट्ट्या गुंडाळत नेऊन मोठा कर्णा करतात. तोच आवाज लांब पोचवतो. मेण उन्हात सैल होतं, जिभा दमट हवेत बिघडतात, म्हणून वादक तारपा जिवापाड जपतो. गारुड्याची पुंगी याच कुळातली. तीतही भोपळा आणि दोन नळ्याच असतात. मात्र तारप्याचा खर्ज तिच्याकडे नाही.

वाजवणं त्याहून अवघड. गालात हवा साठवायची, ती भोपळ्यात ढकलत असतानाच नाकाने नवा श्वास घ्यायचा. सूर तुटला तर नाच तुटेल. वादक मध्ये असतो, बाया-पुरुष एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्याभोवती फिरतात, आणि तारप्याकडे पाठ करत नाहीत. रांगेच्या टोकाचा नाचणारा घुंगरांची काठी जमिनीवर आपटत पुढे नेतो. वादकाने चाल बदलली की पावलं बदलतात. या चालींना चाळे म्हणतात. कुणी हुकूम देत नाही, कुणी आकडे मोजत नाही. कान सगळं ठरवतात.

हे दृश्य तुम्ही पाहिलेलं आहे, याची मला खात्री आहे. वारली चित्रातली ती पांढरी गोल रांग, मधोमध लांब कर्णा धरलेला माणूस. ते चित्र साड्यांवर, कपांवर, सरकारी इमारतींच्या भिंतींवर पोचलं. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांनी ते जगापुढे नेलं आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ती योग्यच होती. पण चित्रातला तो माणूस जे वाजवतो, ते ऐकलेला मराठी माणूस विरळा. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचं नाव पद्मश्रीच्या यादीत आलं ते 2026 मध्ये, वयाची नव्वदी ओलांडल्यावर. चित्राच्या मागून नादाला पंधरा वर्षं लागली.

म्हणूनच मला रेडिओकडून आशा आहे. चित्र, फोटो, मोबाइलवरची चिमुकली क्लिप, या सगळ्यांत नाच दिसतो आणि तारपा मागे कुठेतरी भुणभुणतो. रेडिओवर तो एकटा ऐकू येईल. त्याचा सूर आपल्या पेटीशी जुळत नाही, भोपळा आणि बांबू जसा मिळेल तसा लागतो, ही अडचण नव्हे. आकाशवाणीने पट्ट्यांत बांधलेले सूर नकोत म्हणून 1940 ते 1971 पेटीलाच दाराबाहेर ठेवलं होतं. श्रुतींची एवढी काळजी करणाऱ्या संस्थेने तारप्याचा स्वतंत्र सूर आनंदाने घ्यायला हवा.

मात्र तो तीन मिनिटांच्या लोकसंगीताच्या तुकड्यात बसणार नाही. स्टुडिओत एकट्या वादकाला बसवूनही भागणार नाही, कारण नाचणाऱ्यांच्या पावलांवाचून चाळा अर्धाच राहतो. नाशिकच्या रेडिओवाल्यांना माझी विनंती आहे: येत्या दिवाळीत ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन एखाद्या पाड्यावर जा, रात्रभर थांबा, वादकाला त्याचं मानधन द्या, आणि निदान एक तास मध्ये न बोलता प्रसारित करा. नव्वदीपलीकडच्या वादकांसाठी पुढच्या वर्षापर्यंत थांबू नका.