घरी परतलेल्यांची गोष्ट

डोंबिवलीच्या एमआयडीसीत घरडा सर्कलला रणगाडा उभा आहे. शेजारी कॅप्टन विनयकुमार सच्चान यांचे स्मारक. ते डोंबिवलीकर. काश्मीरमध्ये दहशतवाद्यांशी लढताना धारातीर्थी पडले. शाळेच्या बसमधली मुले खिडकीला नाक लावून रणगाडा बघतात, सव्वीस जानेवारीला तिथे हार पडतात. हे व्हायलाच हवे. कल्याणला दुर्गाडीच्या खाडीकाठीही आता नौदलाची जुनी युद्धनौका आणून ठेवली आहे. शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर जहाजबांधणीला हात घातला तो याच परिसरात, त्यामुळे ती तिथे शोभते.

मात्र याच गावांत दुसऱ्या मजल्यावर, दारावर ‘निवृत्त’ अशी पाटी लावून राहिलेले कितीतरी अधिकारी होऊन गेले. वीस-पंचवीस वर्षे नोकरी, मग तितकीच किंवा त्याहून जास्त वर्षे संसार. त्यांच्या वाट्याला चौक येत नाही. वर्तमानपत्रात निधनाची चार ओळींची बातमी येते, पश्चात पत्नी, मुलगा, सून, नातवंडे असा परिवार, आणि पान उलटले जाते. जो लढून घरी आला, त्याची आठवण कशी ठेवायची हे मराठी समाजाने अजून नीट ठरवलेले नाही, असे माझे मत आहे. वीरमरणासाठी आपल्याकडे पोवाडा आहे. निवृत्त मेजरसाठी सोसायटीच्या फलकावरची नोटीस आहे.

परमवीरचक्राचा हिशेबच पाहा. आजवरचे मानकरी 21, त्यांपैकी 14 मरणोत्तर. उरलेल्या सातांना पदक छातीवर लावून जगायचे होते. त्यांतले एक मेजर राम राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंडिया गावात 26 जून 1918 रोजी जन्म, वडील पोलीस खात्यात. 1940 साली बॉम्बे सॅपर्समध्ये भरती, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाची आघाडी, डिसेंबर 1947 मध्ये कमिशन. अधिकारी होऊन चार महिने झाले नाहीत तोच एप्रिल 1948 मध्ये, पाकिस्तानशी काश्मीरसाठी चाललेल्या पहिल्या युद्धात, ते जम्मूकडच्या नौशेरा-राजौरी रस्त्यावर होते.

सॅपरचे काम लोकांना फारसे ठाऊक नसते. पायदळ पुढे सरकते, रणगाडे त्याच्या मागोमाग जातात. पण त्यासाठी रस्ता मोकळा लागतो, आणि तो मोकळा करणारा माणूस सगळ्यांच्या आधी, पोटावर सरपटत असतो. 8 एप्रिलला बरवाली टेकडीपाशी राणे यांच्या तुकडीवर उखळी तोफांचा मारा झाला. दोन सॅपर ठार, पाच जखमी, जखमींत स्वतः राणे. पट्टी बांधून ते पुन्हा कामाला लागले. पुढे सुरुंग पेरलेले, झाडे तोडून रस्त्यावर आडवी टाकलेली, वरून मशीनगनचा मारा. रणगाड्याच्या पोटाखाली शिरून, त्याच्या बरोबरीने सरपटत, दोरीने चालकाला इशारे देत ते पुढे गेले, असे त्या दिवसांचे वर्णन आहे. दोरी ओढली की थांब, पुन्हा ओढली की चल. चिंगसपर्यंतचा रस्ता असा हाता-हाताने खुला झाला आणि 12 एप्रिलला राजौरी हाती आले. उशीर झाला असता तर राजौरीतल्या आणखी किती लोकांची कत्तल झाली असती, हा विचार त्या घाईमागे होता.

चित्रपट काढायचा तर तो इथे संपेल. राणे तेव्हा तिशीचेही झालेले नव्हते. त्यापुढे त्यांना शेहेचाळीस वर्षे जगायचे होते. पन्नासच्या दशकात लग्न, मुले, बदल्या, पुन्हा बदल्या. एकंदर अठ्ठावीस वर्षांच्या सेवेनंतर 1968 मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले. परमवीरचक्र मिळवणारा माणूस मेजरच्या पुढे गेला नाही, याचे नागरी वाचकाला आश्चर्य वाटते. लष्करात शौर्य आणि बढती यांची खाती वेगळी असतात, हे त्यातून कळते. निवृत्तीनंतरही काही वर्षे ते नोकरीत होते. 1994 च्या जुलैत पुण्याच्या लष्करी रुग्णालयात ते गेले. पुढे कारवारच्या समुद्रकिनारी पुतळा उभा राहिला. शिपिंग कॉर्पोरेशनच्या तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव होते, 2023 मध्ये अंदमानातल्या एका बेटालाही दिले गेले. जहाज, बेट, पुतळा. मधल्या शेहेचाळीस वर्षांवर मात्र कुणी लिहिले नाही. मुलांच्या शाळेची फी, पेन्शनमधून घर चालवणे, पदक कोणत्या कपाटात ठेवायचे, या प्रश्नांची उत्तरे फक्त त्या घराला माहीत.

पदकाची गोष्टही एका मराठी अधिकाऱ्याच्या घरातली आहे. परमवीरचक्राचा आराखडा सावित्रीबाई खानोलकरांनी केला. जन्माने त्या स्वित्झर्लंडच्या, 1932 साली विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्या झाल्या, संस्कृत आणि पुराणे शिकल्या. दधीचीच्या अस्थींपासून घडलेले वज्र त्यांनी पदकावर आणले. पहिले परमवीरचक्र मेजर सोमनाथ शर्मांना मिळाले, आणि ते सावित्रीबाईंच्या मुलीच्या सासरचे, दीर लागत. इतक्या जवळच्या घरात ते पदक जाईल, हे आराखडा करताना कुणाला ठाऊक होते?

राणे बोलले नाहीत, तर लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात लिहून गेले. त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र 1986 चे. कोल्हापूरकडचा हा माणूस. जानेवारी 1945 मध्ये ब्रह्मदेशातल्या कांगॉच्या लढाईत तीन भारतीय बटालियन कमांडरांना डीएसओ हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला, थिमय्या, सेन आणि थोरात. पूर्व विभागाचे प्रमुख असताना चिनी हल्ला कसा येईल याचा अंदाज त्यांनी बांधला आणि मार्च 1960 मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ नावाचा युद्धसराव घेतला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी तो मनावर घेतला नाही, असे थोरातांचे म्हणणे. 1961 मध्ये ते निवृत्त झाले, लष्करप्रमुखपद दुसऱ्याकडे गेले, आणि पुढच्या वर्षी जे घडले ते सर्वांना माहीत आहे. एखादा माणूस कडवट होऊन दिवाणखान्यात बसला असता. थोरात महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. निवृत्तीनंतर माणसाकडे काय सोपवले जाते आणि तो ते कसे पार पाडतो, यातही त्याचा कस लागतो. आपल्याकडे हा भाग चरित्राच्या शेवटच्या पानावर दोन वाक्यांत उरकतात.

जनरल अरुणकुमार वैद्य यांना तेवढीही सवड मिळाली नाही. अलिबागला जन्म, 1965 आणि 1971 अशा दोन युद्धांत दोनदा महावीरचक्र, मग लष्करप्रमुख. जानेवारी 1986 मध्ये निवृत्त झाले. 10 ऑगस्टला पुण्यात पत्नीसह बाजारातून घरी परतताना, स्वतः गाडी चालवत असताना, मारेकऱ्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. दोन रणगाडा-युद्धांतून सुखरूप आलेला माणूस बाजाराच्या फेरीत गेला. त्या सहा महिन्यांत त्यांच्या घरात जे नुकतेच सुरू झाले होते, त्याची नोंद इतिहासात सापडत नाही.

विंग कमांडर दीपक साठे यांचे उदाहरण घेताना मी जरा कचरतो. नागपूरचे साठे, वडील लष्करात कर्नल, स्वतः हवाई दलात मानाची तलवार मिळवलेले. 2003 मध्ये निवृत्त होऊन ते प्रवासी विमाने चालवू लागले. 7 ऑगस्ट 2020 रोजी दुबईहून आलेले त्यांचे विमान कोळिकोडच्या धावपट्टीवरून घसरून खाली कोसळले. दोन्ही वैमानिकांसह एकवीस जण गेले. पहिल्या आठवड्यात मोबाइलवर त्यांचे देवत्व फिरत होते. वर्षभराने चौकशी अहवालाने उतरण्याच्या पद्धतीत नियम पाळले गेले नाहीत असा निष्कर्ष काढला, तेव्हा तेच मोबाइल गप्प. दोन्ही वेळा आपण एका माणसाला त्याच्या शेवटच्या काही मिनिटांवरून मोजले. वीसेक वर्षांची लढाऊ विमाने, घर, मुलगे, यांचा हिशेब कुणी मागितला नाही.

ठाणे-कल्याण पट्ट्याला सैन्य नवे नाही. उल्हासनगर म्हणजे मुळात दुसऱ्या महायुद्धातला कल्याण कॅम्प. सैनिक गेले, बराकीत सिंधी निर्वासित आले, आणि 1949 मध्ये राजगोपालाचारींनी गावाचे नामकरण केले. नेवाळीला महायुद्धातली धावपट्टी, अंबरनाथला दारूगोळा कारखाना, ठाण्यात कोलशेत आणि येऊरला हवाई दल. तरी इथे राहणारा निवृत्त अधिकारी बहुतेक वेळा या छावण्यांमुळे आलेला नसतो. कर्नल साधारण चोपन्नाव्या वर्षी घरी बसतो, तोवर मुले अकरावी-बारावीत किंवा इंजिनिअरिंगला. पत्नीने इतकी वर्षे दर दोन-तीन वर्षांनी पेट्या भरलेल्या. तिची एकच अट असते, आता हलायचे नाही. मग माहेर किंवा सासर जवळ, कॉलेज जवळ, लोकल जवळ असे घर शोधले जाते आणि ते डोंबिवलीत निघते. काळ्या ट्रंका माळ्यावर जातात. पहिले वर्ष साहेब सोसायटीच्या सभेला वेळेवर पोहोचतात आणि अर्धा तास एकटेच बसतात. दुसऱ्या वर्षी सेक्रेटरी होतात. पाण्याचे टँकर, पार्किंग, गणपतीची वर्गणी. शिस्तीवरून भांडणेही होतात, आणि शेजारी पाठीमागे ‘मिलिटरीवाला’ म्हणतात. घरच्यांनाही तो माणूस नव्यानेच भेटलेला असतो. बाप सुट्टीत येणारा पाहुणा होता, आता रोज सकाळी वर्तमानपत्राची घडी मोडू नका म्हणून ओरडणारा झाला. हे रुळायला चार-पाच वर्षे लागतात, आणि माझ्या मते निवृत्त अधिकाऱ्याच्या चरित्रातला सर्वांत अवघड काळ हाच.

अशा माणसाच्या श्रद्धांजली सभेत बहुधा रेजिमेंटचे नाव, पदके, युद्धाचे साल एवढेच बोलले जाते. बायकोला माइक क्वचित मिळतो. खरे तर तिच्याकडेच सगळी कागदपत्रे असतात: पेन्शनचा आदेश, आरोग्य योजनेचे कार्ड, कॅन्टीनचे कार्ड, दर नोव्हेंबरला दिलेले हयातीचे दाखले. तो गेल्यावर कौटुंबिक निवृत्तिवेतनासाठी बँकेत आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ती जाते, तेव्हा लग्नाच्या नोंदीत नाव एक आणि आधारवर दुसरे, असा घोळ अनेकदा निघतो. म्हणून ज्यांच्या घरात असा माणूस आज हयात आहे, त्यांनी दोन कामे या दिवाळीतच करावीत. नावाचे स्पेलिंग सगळीकडे जुळवून घ्यावे. आणि मोबाइलचे रेकॉर्डिंग चालू करून त्याला युद्धाबद्दल न विचारता, निवृत्तीनंतरच्या पहिल्या महिन्याबद्दल विचारावे. बायको शेजारी बसलेली असावी, कारण तारखा ती दुरुस्त करील.