एथेलरेड : शांतता विकत घेणारा राजा

आज मी इंग्लंडच्या एथेलरेड राजाबद्दल बोलणार आहे. सावत्र भावाचा खून झाला आणि 978 साली हा पोरवयात गादीवर आला. एथेलरेड म्हणजे ‘उत्तम सल्ला’. पुढे लोकांनी त्याला ‘अनरेड’, म्हणजे ‘वाईट सल्ला’, असं चिकटवलं!

991 साली माल्डनला व्हायकिंगांनी इंग्रजांना हरवलं. राजाने 10,000 पौंड देऊन त्यांना परत पाठवलं. ते पुन्हा पुन्हा आले. 1012 साली रक्कम 48,000 पौंडांवर गेली. मग पैसे देणं हीच चूक होती का? मला तसं वाटत नाही. त्याचा पूर्वज आल्फ्रेड यानेही पैसे देऊन तह केला असावा, असं इतिहासकार मानतात. पण मिळालेल्या उसंतीत आल्फ्रेडने तटबंदीची गावं उभारली. एथेलरेडने 1002 साली राज्यातल्या डेन लोकांच्या कत्तलीचा हुकूम काढला. 1009 साली बांधलेलं आरमार सरदारांच्या भांडणात आणि वादळात वाया गेलं.

1013 साली डेन्मार्कच्या स्वेनने राज्य घेतलं, एथेलरेड नॉर्मंडीला पळाला. काही महिन्यांतच स्वेन वारला. तेव्हा इंग्रज सरदारांनी त्याला परत बोलावलं, पण अट घालून : आधीपेक्षा न्यायाने राज्य कराल तर या! 1016 साली तो वारला आणि त्याच वर्षी मुकुट स्वेनचा मुलगा कनूट याच्याकडे गेला. पैशाने वेळ मिळतो, मंडळी. त्या वेळेत घर सावरावं लागतं.