उसन्या वेगाचा खेळ : रमेश कृष्णन
(कोर्टावरची माणसं : भाग ७)

टेनिसमध्ये सर्व्हिस हा एकच फटका असा, की तो मारताना समोरच्यावर अवलंबून राहावं लागत नाही. चेंडू आपल्या हातात, वेळही आपली. म्हणून जोरदार सर्व्हिस असणाऱ्याचा दिवस वाईट असला तरी त्याचं बऱ्याचदा निभावून जातं. रमेश कृष्णनकडे नेमकं हेच हत्यार नव्हतं. त्याची सर्व्हिस खेळ सुरू करण्यापुरतीच. तरीही तो १९८१ आणि १९८७ मध्ये अमेरिकन ओपनच्या, १९८६ मध्ये विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचला, आणि १९८५ मध्ये जागतिक क्रमवारीत तेविसावा होता.

गेल्या आठवड्यात ज्यांच्याविषयी वाचलंत, त्या रामनाथन कृष्णन यांचा हा मुलगा. वडिलांनी १९५४ मध्ये विम्बल्डनचं ज्युनियर विजेतेपद मिळवलं, मुलाने १९७९ मध्ये. त्याच वर्षी त्याने फ्रेंच ज्युनियरही जिंकली. शिकवण घरचीच, आजोबा टी. के. रामनाथन यांच्यापासून चालत आलेली.

आता त्याचा फटका जरा जवळून पाहू. टप्पा पडल्यावर चेंडू पुरता वर येऊ द्यायचा आणि मग मारायचा, ही सुरक्षित रीत. रमेश तो वर चढत असतानाच गाठायचा. रॅकेट फारशी मागे जायची नाही, टॉपस्पिनही जवळजवळ नाही. सपाट, आटोपशीर फटका. वेग प्रतिस्पर्ध्याने दिलेलाच, दिशा तेवढी रमेशची. यात ताकद फार लागत नाही, आणि समोरच्याला सावरायला वेळही मिळत नाही. मात्र निमिषभर उशीर झाला तरी चेंडू जाळ्यात. इतक्या जोखमीचा खेळ तो कसलाही आटापिटा न करता खेळायचा, आणि माझ्या मते भारतीय टेनिसमधलं सर्वांत देखणं दृश्य तेच होतं.

१९८९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये दुसऱ्याच फेरीत त्याच्यासमोर मॅट्स विलँडर आला. गतविजेता, जागतिक क्रमवारीत पहिला, आदल्या वर्षी चारपैकी तीन ग्रँड स्लॅम जिंकलेला. रमेशने त्याला ६-३, ६-२, ७-६ असं सरळ सेटमध्ये हरवलं. लांबलचक रॅलींत समोरच्याला दमवून चुका करायला लावणारा हा खेळाडू; त्याच्याविरुद्ध एकही सेट न गमावणं ही फार मोठी गोष्ट होती.

या शैलीच्या मर्यादाही खऱ्या आहेत. विम्बल्डनच्या त्या उपांत्यपूर्व सामन्यात समोर होता तोफेसारखी सर्व्हिस करणारा स्लोबोदान झिवोयिनोविच. सर्व्हिसच परतवता आली नाही, तर उसना घेतलेला वेग वापरणार कुठे? क्ले कोर्टवर अडचण उलटी. तिथे टप्प्यानंतर चेंडूचा वेग मंदावतो, म्हणजे उसना घ्यायलाच काही उरत नाही. १९८७ च्या डेव्हिस चषकात सिडनीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध पाचवा, निर्णायक सामना रमेशने वॉली मासूरविरुद्ध जिंकला आणि भारत अंतिम फेरीत गेला. यजमान स्वीडनने गोथेनबर्गच्या बंदिस्त स्टेडियममध्ये नेमकं क्ले कोर्ट घातलं. भारत ०-५ हरला. त्या निकालावरून रमेशला जोखणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

त्याच संघाचा कर्णधार आणि रमेशच्या अगदी उलट घडणीचा, उंचापुरा, नेटवर चाल करून जाणारा विजय अमृतराज पुढच्या भागात.