सल्फाटेज: आधी स्वतःचा गंधक सोडणारी विकरं

कोरड्या मोहरीला फारसा वास नसतो. तीच पाण्यात फेसली की नाकात झिणझिण्या आणते. मोहरीत, आणि तिच्याच कुळातल्या कोबी-फ्लॉवरमध्येही, ग्लुकोसिनोलेट नावाची द्रव्यं आणि त्यांना फोडणारं मायरोसिनेज हे विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. दाणा चिरडला, पान कुरतडलं की दोघांची गाठ पडते आणि झणझणीत तेल तयार होतं. बहुतेक किडींसाठी ते विषच.

तरीही कोबीच्या पानाखाली चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची हिरवी अळी खुशाल खात बसलेली असते. जेमतेम सेंटिमीटरभर लांब, बोट लावलं तर वळवळत धाग्यावर लोंबकळणारी. २००२ मध्ये जर्मनीतल्या येना इथल्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी तिचं गुपित उलगडलं. तिच्या आतड्यात एक सल्फाटेज विकर असतं. ते ग्लुकोसिनोलेटवरचा सल्फेट तेवढा काढून घेतं. मग मायरोसिनेजला त्या रेणूचं काहीच करता येत नाही. विष तयारच होत नाही!

माणसाकडे अशी १७ सल्फाटेज आहेत. आपल्या पेशींतल्या लयकारिकांमध्ये हेपॅरान सल्फेटसारख्या लांबलचक शर्करासाखळ्या टोकापासून एकेक कडी सुटी करत मोडल्या जातात. वाटेत सल्फेट आला की त्या जागेचं ठरावीक विकरच तो काढू शकतं. ते नसेल तर काम तिथेच अडतं आणि अर्धवट साखळ्या साचत जातात. कॅनडातले डॉक्टर चार्ल्स हंटर यांनी १९१७ मध्ये दोन भावांमध्ये पाहिलेला आजार असाच, एका सल्फाटेजच्या अभावाने होणारा.

पण मला खरं थक्क करतं ते या विकरांचं घडणं. नव्याने तयार होणाऱ्या सल्फाटेजच्या ऐन कामाच्या जागी सिस्टीन हे अमिनो आम्ल असतं आणि सिस्टीनमध्ये गंधक असतो. तसंच राहिलं तर विकर निकामी. म्हणून साखळीची घडी पडण्याआधीच दुसरं एक विकर तो गंधक काढून तिथे ऑक्सिजन बसवतं. सिस्टीनचं फॉर्मिलग्लायसिन होतं. म्हणजे सल्फेट सोडवणाऱ्याला आधी स्वतःचा गंधक सोडावा लागतो.

हा बदल १९९५ मध्ये ग्योटिंगेनच्या संशोधकांना सापडला, तो एका दुर्मीळ आजाराचा माग काढताना. तो आजार असलेल्या मुलांमध्ये सगळीच सल्फाटेज एकदम दुबळी, पण त्यांची जनुकं मात्र शाबूत. २००३ मध्ये दोषी जनुक हाती लागलं. ते होतं गंधक काढणाऱ्या त्या एकाच विकराचं.