शेवटची ट्रेन चुकली आणि प्रेम जमलं, मग ते तुटलं कशामुळे?

जानेवारी 2017 आठवतोय का? सतीश राजवाडेंचा ‘ती सध्या काय करते’ 6 जानेवारीला रिलीज झाला आणि पुढचे कितीतरी दिवस प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच खेळ सुरू होता. ती सध्या पोळ्या करते, ती सध्या पोरांचा अभ्यास घेते, ती सध्या ब्लॉक करते. पिक्चर न बघितलेल्यांनीही जोक फॉरवर्ड केले. कारण सोपं होतं, प्रत्येकाची एक ‘ती’ किंवा एक ‘तो’ असतोच.

गंमत म्हणजे जपानीत या माणसासाठी सरळ शब्द आहेत. ‘मोतोकानो’ म्हणजे आधीची गर्लफ्रेंड, ‘मोतोकारे’ म्हणजे आधीचा बॉयफ्रेंड. आपल्याकडे आमदार माजी होतो, सरपंच माजी होतो, पण ‘माजी प्रेयसी’ असं बोलताना कुणी म्हणत नाही. ‘एक्स’ म्हणतो, नाहीतर नुसतं ‘ती’. ज्या भाषेत नवऱ्याचं नाव न घेता ‘हे’ म्हणायची पद्धत होती, तिथे हे साहजिकच आहे म्हणा.

याच विषयावरचा एक जपानी सिनेमा 29 जानेवारी 2021 ला आला आणि कोरोनाकाळातही तिकडे तुफान चालला. नाव लांबलचक आहे, ‘हानाताबा मिताई ना कोई ओ शिता’. अर्थ साधारण असा, ‘फुलांच्या गुच्छासारखं प्रेम केलं’. दिग्दर्शक नोबुहिरो दोई, लेखक युजी साकामोतो. या साकामोतोंनाच 2023 मध्ये ‘मॉन्स्टर’साठी कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला.

सुरुवातीलाच कळतं की मुगी आणि किनू आता एकत्र नाहीत. 2020 साल, एक कॅफे, दोघं आपापल्या नव्या जोडीदारासोबत आलेत. मग गोष्ट 2015 मध्ये जाते. टोकियोत रात्रीची शेवटची ट्रेन चुकते आणि दोन अनोळखी कॉलेजकुमार-कुमारी गप्पा मारत बसतात. आवडती पुस्तकं सेम, पायातले पांढरे बूट सेम. पुढे नदीकाठी भाड्याचं घर घेतात.

आता आपल्या डोक्यात प्रश्न येतो, व्हिलन कोण? ‘सैराट’मध्ये आर्ची-परशाच्या आड कोण येतंय ते लगेच कळतं. इथे जात नाही, चिडलेला बाप नाही, तिसरी व्यक्तीही नाही. मुगीला चित्रं काढायची असतात, पण त्याचे पैसे पुरत नाहीत. म्हणून तो मालवाहतुकीशी संबंधित कंपनीत सेल्सची नोकरी धरतो. घरी यायला उशीर होऊ लागतो. पुस्तक हातात घेतलं तरी डोक्यात शिरत नाही, थकलेल्या मेंदूला फक्त मोबाईलवरचा गेम झेपतो. भांडणंही फार मोठी होत नाहीत. बोलायचे विषय संपत जातात, एवढंच.

डहाणू तालुक्यातल्या रानशेतसारख्या गावातून रोज नोकरीला जाणाऱ्याला हे समजवायची गरज नाही. 2013 मध्ये विरारची लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि मुंबईची नोकरी शक्य झाली खरी. पण डहाणू रोड ते चर्चगेट अंतर सुमारे 124 किलोमीटर. त्याआधी गावातून स्टेशन गाठायचं ते वेगळंच. एवढं करून रात्री घरी पोचल्यावर ‘काय करतेस?’ या मेसेजला उत्तर म्हणून इमोजी जातो. आपल्याकडच्या लव्हस्टोऱ्यांत ही गोष्ट फारशी दिसत नाही, आणि मला वाटतं ती यायला हवी.

ब्रेकअपचा सीन तर बघाच. जिथे प्रेमाची कबुली दिली त्याच रेस्टॉरंटमध्ये दोघं निरोप घ्यायला बसतात. पलीकडच्या टेबलावर एक कोवळी जोडी येते आणि ती अगदी यांच्यासारखंच बोलायला लागते. दोघांनाही रडू आवरत नाही. त्यानंतर नवीन घर मिळेपर्यंत तीन महिने ते त्याच घरात राहतात, आणि तेही बऱ्यापैकी मजेत!

शेवट सांगतोय, सिनेमा बघायचा असेल तर इथेच थांबा. मुगी एकटाच गुगल स्ट्रीट व्ह्यू चाळत असतो. (भारतात हे फीचर 2022 मध्ये 10 शहरांत सुरू झालं, त्यात मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होती.) जुन्या घराजवळचा नदीकाठचा रस्ता स्क्रीनवर येतो. त्यावर दोन माणसं चालताना दिसतात, चेहरे धूसर केलेले. तो आणि किनू. ब्रेकअप झालेला असतो, पण नकाशात दोघं अजून सोबत घरी निघालेले असतात.