काच चकाचक, मासे खल्लास?

रविवारची सुट्टी, हातात स्क्रबर आणि समोर शेवाळाने हिरवागार झालेला खाऱ्या पाण्याचा फिश टँक. पण थांबा बॉस! सगळं एका दमात घासू नका. दगडांवरचे आणि वाळूतले जिवाणूच माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया संपवतात. तेच धुऊन गेले, तर मासेही गेले.

शेवाळाला पोसतं कोण? नायट्रेट, फॉस्फेट आणि जादा उजेड. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाला समोरच समुद्र होता. बीडमध्ये मात्र समुद्र घरीच कालवायचा! बोअरच्या पाण्यातच नायट्रेट असेल, तर सगळी घासाघाशी फुकट. म्हणून आरओचं पाणी घ्या, लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मत्स्यालयाचं मीठ.

आज काच आणि थोडेच दगड घासा, तेही टँकमधून काढलेल्या पाण्यात. पाचवा हिस्सा पाणी बदला. बाकीचं दोन आठवड्यांनी. खाणं कमी, दिवा आठ तास.

आणि हो, आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरा, फरशीला वापरा. टँकमधलं खारं पाणी मात्र झाडांना नको. टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात आपल्या छंदाने शेजाऱ्यांची तहान वाढवायला नको, काय?